थोरले जवाई आणि चार टीबीची डिस्क

मी हार्ड डिस्क विकते. दुकानात बसून नाही, फिरून. कंपनीचा कारखाना कुठंतरी समुद्रापलीकडं आहे, तिचा माल वाटणारे आमचे साहेब पुण्यात बसतात, आणि त्यांची अमरावती-अकोल्याकडची माणूस म्हणजे मी. एक स्कूटी, पाठीवर सॅक, सॅकमधे नमुन्याच्या डिस्का, अन् उन्हाळ्यात तोंडाले असा दुपट्टा बांधलेला की माह्या मायनंही ओळखू नये.

नोकरी लागली तेव्हा पुण्यात ट्रेनिंग होतं. एसी इतका की मी सॅकमधला दुपट्टा काढून पांघरला. पडद्यावर एक मोठा गोल दाखवला, जगातल्या हार्ड डिस्का कोण विकत घेते त्याचा. त्यातला बहुतेक भाग निळा, ते डेटा सेंटर. म्हणजे मोठमोठे थंडगार गोदामं, तिथं आपले फोटो, व्हिडिओ, मेल सगळं डिस्कांच्या रांगांमधे पडलेलं असते. आपण म्हणतो 'वर क्लाउडवर आहे', तं ते वर-बिर काही नाही, कोणाच्या तरी गोदामात जमिनीवरच असते. त्याच्यानंतर बँका, दवाखाने, रस्त्यावरचे कॅमेरे. आणि शेवटी एक बारीक करडी फाक, 'इतर'. मी हात वर केला. म्हटलं सर, आमचं वऱ्हाड याच्यात कुठी आहे? सरांनी लेझरचा लाल ठिपका त्या करड्या फाकेवर ठेवला. ठिपका फाकेपेक्षा मोठा होता.

पण सांगते, माल जोरात जायचा. साहेब चक्रावून फोन करायचे की तिकडं असं काय सुरू आहे? मलेही आधी कळलं नाही. मले वाटलं लग्नं मोठी होतात म्हणून फोटोवाले डिस्का घेतात. पण लग्नं तं सगळीकडंच मोठी होतात. मग कळलं. आमच्याकडं लग्न होते, फोटो निघतात, पण फोटो *निवडले* जात नाहीत.

म्हणजे असं असते. लग्न झालं की फोटोवाला सगळे फोटो घरी दाखवते, हजारोंनी. घरच्यांनी त्यातले शेदोनशे निवडायचे, मग अल्बम छापायले जाते, मग फोटोवाला उरलेलं सगळं मिटवून डिस्क मोकळी करते. साधी गोष्ट. पण आमच्याकडं घरचे म्हणतात, पाहू. मग अक्षय तृतीयेची अखजी येते, मग पेरण्या येतात, मग पोळा. मग मामींचे डोळे सगळ्या फोटोत मिटलेले निघतात आणि मामी म्हणतात मी तशी दिसतच नाही. मग नवरी बाळंतपणाले माहेरी येते. तोपर्यंत फोटोवाल्याची डिस्क भरलेली ती भरलेलीच. पुढच्या लग्नाले नवी डिस्क. माझं इन्सेंटिव्ह त्याच्यावर.

माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे अमरावतीत राजापेठकडं स्टुडिओ असलेले एक भाऊ. त्यांच्याकडं लोखंडी कपाट आहे आणि कपाटात कॅमेरा एकही नाही, फक्त डिस्का. लग्नात फोटोवाल्यालेही टोपी-टॉवेलाचा आहेर होते ना, तं भाऊ ज्या लग्नाची डिस्क त्याच लग्नाच्या टॉवेलात गुंडाळून ठेवतात. कपाट उघडलं की वाटते पाळणाघर आहे. उन्हाळ्यात डिस्क कॉम्प्युटरले लावली की तिच्यासमोर कूलर. मी एकदा हिंमत करून सांगितलं, भाऊ, कूलरच्या हवेत पाणी असते, इलेक्ट्रॉनिक वस्तूले ते चांगलं नाही. भाऊ म्हणाले, "ताई, आमच्या उन्हात तुमच्या कंपनीच्या मालकाले एक दिवस कूलर नसलेल्या खोलीत बसवा, मंग मले शिकवा."

तं झालं असं की यावर्षी डिस्का बंद झाल्या. कारखाना सुरूच होता, पण आमच्याकडं येणं बंद. साहेबांचा मेल आला, की कारखान्याचा पुढचा सगळा माल डेटा सेंटरवाल्यांनी आधीच घेऊन टाकला आहे, तरी फील्डवरच्या लोकांनी कोणाले तारीख देऊ नये. कारण एआय. लोकं मोबाईलले सांगतात माह्या फोटोतली बकरी नाचवून दाखव, आणि मोबाईल नाचवून दाखवते. ते नाचणं शिकवायले आणि नाचलेली बकरी ठेवायले डिस्का लागतात. मी भाऊले हे सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माह्या नवरदेवाची जागा बकरीनं घेतली."

मेलमधलं ते तारीख न देण्याचं वाक्य मी नीट वाचलं नव्हतं. म्हणजे वाचलं, पण त्याच्या आधीच मी भाऊले शब्द देऊन बसली होती. रविवारी अकोल्याले त्यांचं मोठं लग्न होतं, दोन सख्ख्या भावांचं एकाच मांडवात, शनिवारी दोघांची हळद. कॅमेऱ्याचे कार्ड भरले की ते डिस्कवर रिकामे करावे लागतात, तवाच पुढचे फोटो निघतात. डिस्क नसली की हळदीतच कॅमेरे बंद. भाऊ मले म्हणाले होते, तुम्ही नाही म्हणत असाल तं मी दुसरीकडं पाहतो. आणि मी, तोंडाले आवर नाही, म्हटलं होतं, भाऊ, शुक्रवारी डिस्क तुमच्या हातात नसली तं मी ही नोकरीच करणार नाही.

गुरुवारी पुण्याहून फोन आला, माल नाही.

मी स्कूटी अमरावतीत ठेवली आणि एसटीनं अकोल्याले चाचांकडं गेली. टिळक रोडच्या एका बोळीत त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, आख्ख्या जिल्ह्यात जे कोणाकडं नाही ते चाचांकडं असते. चाचांनी मले पाहिलं आणि मी बोलायच्या आधीच हसले.

"बेटा, दिवाळीले तू याच स्टुलवर बसून म्हणत होती, चाचा, दस ले लो, चाचा, बीस ले लो. मैं बोला रखूं कहां. आता तू म्हणते एक द्या. आता देऊ कुठून?"

मी म्हटलं चाचा, मस्करी नका करू, नोकरीचा प्रश्न आहे. तं चाचांनी चहा सांगितला, आणि म्हणाले की तुह्या त्या फोटोवाल्याचं कपाट मले माहीत आहे, त्यातल्या सगळ्या डिस्का माह्याच दुकानातून गेल्या आहेत. "नई नहीं मिलती तो पुरानी खाली करवा ना. त्यात काय सोनं हाय?"

घ्या. म्हणजे डिस्का भरवणं हे माह्या कंपनीचं काम, आणि मी आता डिस्क रिकामी करायले निघाली होती.

संध्याकाळी भाऊच्या कपाटासमोर बसून आम्ही एकेक टॉवेल सोडला. भाऊचा नियम असा की घरच्यांनी अल्बम पास केल्याशिवाय एक फोटोही मिटवायचा नाही. कितीही समजावलं तरी ते त्याच्यावरून हलत नाहीत. एका डिस्कमधले नवरा-नवरी परदेशात होते, फोन केला तं तिकडं झोपेची वेळ. एका डिस्कवरच्या लग्नाचं कोर्टात सुरू होतं आणि दोन्ही वकिलांनी सांगून ठेवलेलं की हात लावू नका. मग एक लाल काठाचा टॉवेल निघाला. अकोल्याचं लग्न, चार टीबीची डिस्क काठोकाठ भरलेली, दोन कॅमेरे, ड्रोन, सगळं. लग्न होऊन चार वर्षं झाली होती. नवरीले दोन लेकरं होती. अल्बम नाही.

भाऊ म्हणाले, "हे नाही होणार. इथं थोरल्या जवायाचं प्रकरण आहे."

पण दुसरी डिस्कच नव्हती. शुक्रवारी सकाळी भाऊच्या गाडीत बसून निघालो. भाऊ गाडी चालवत होते आणि डिस्क टॉवेलासकट माह्या मांडीवर. मूर्तिजापूरपर्यंत भाऊनं मले प्रकरण सांगितलं.

नवरीची मोठी बहीण पातूरले दिलेली आहे. तिचे मिस्टर म्हणजे घरचे थोरले जवाई. या लग्नात झालं असं की नव्या नवरदेवाच्या मामांले सोफा मिळाला आणि थोरल्या जवायांले प्लास्टिकची खुर्ची. तेही हात नसलेली. जवाई उठले, उभ्या मांडवात म्हणाले, या मांडवातलं पाणीही माह्या गळ्याखाली उतरणार नाही, आणि जाऊन आपल्या जीपमधे बसले, मांडवाकडं पाठ करून. सासू गेल्या, सासरे गेले, नवरदेवाचे मामा स्वतः सोफा उचलून घेऊन गेले. नाही म्हणजे नाही. पोरीची पाठवणी होईपर्यंत माणूस उपाशी जीपमधे. उन्हाळ्यात.

पण त्याच्यानंतर काय झालं ते ऐका. तेव्हापासून त्यांची इज्जत भल्ली वाढली. सगळ्या नात्यागोत्यात तोच विषय. माणूस असावा तं असा, शब्द दिला की दिला. पोरी पाहायले जातात तं लोकं म्हणतात, जवाई पाहिजे तं पातूरवाल्यांसारखा. आता कोणत्याही लग्नात नवरदेवाच्या आधी त्यांचा सोफा येते. सासूबाईंले मात्र एकच घोर. थोरल्या जवायाशिवाय अल्बम कसा करायचा? आणि त्यांचा फोटो तं एकच, जीपमधून पाठमोरा. म्हणून चार वर्षं अल्बम थांबलेला.

अकोल्याले जठारपेठेत घर. सासूबाई म्हणजे आमच्यासाठी काकू. मोठ्या प्रेमळ, आल्याआल्या पाणी, मग आंब्याचं पन्हं. मी डिस्क लॅपटॉपले लावली. काकूंनी टॉवेल पाहिला आणि म्हणाल्या, अगं बाई, हा तं आमचाच. कूलर आमच्याकडं फिरवलेला होता, भाऊनं हळूच उठून तो डिस्ककडं फिरवला.

काकूंले मी सगळं खरं सांगून टाकलं. रविवारचं लग्न, माझा शब्द, बकरी, सगळं. काकू म्हणाल्या की माह्या हाती असतं तं आत्ता निवडून दिले असते वो, पण जवायांनी हो म्हटल्याशिवाय मी एका फोटोवर बोट ठेवणार नाही. आणि योग असा की जवाई त्या दिवशी अकोल्यातच होते, बाजार समितीत. काकूंनी फोन लावला. फोनवर बोलताना काकू उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेतला.

जवाई आले. मी दोन-चार मिनिटं उगीच उभी राहिली, इतका रुबाब. पांढरे कपडे, कडक, मिशी अशी की तिच्यावर कोणी रोज काम करत असेल. ते बसले, आणि पाणी आणलं तं एक घोट घेऊन ग्लास बाजूले ठेवला.

मी फोटो दाखवायले लागली. सीमांतपूजन दाखवलं. जवाई म्हणाले, "मी कुठी हाओ याच्यात?" मी म्हटलं तुम्ही नाही आहात. "मंग मी काय सांगू." पुढचा, वरात. "मी हाओ?" नाही. "मंग." पुढचा. पुढचा. माणूस रागात नव्हता, बिलकुल नाही. इतक्या शांतपणे नाही म्हणत होता की मले वाटलं हे रविवारपर्यंत असंच म्हणत बसतील. काकू दारातून पाहून राहिल्या होत्या आणि प्रत्येक 'मंग'ले पदर अजून पुढं ओढत होत्या. भाऊले रविवारच्या लग्नवाल्यांचा फोन आला, ते बाहेर अंगणात गेले आणि त्यांचं 'हो हो, सगळं तयार आहे' मले खिडकीतून ऐकू येत होतं.

काकू म्हणाल्या, "पोरी, पाहा ना कुठंतरी. एवढा मोठा डबा भरला हाय तुमचा. एखादा तं असंल आमच्या जवायांचा, समोरून." आणि चहाले दूध ठेवायले आत गेल्या.

मी शोधायले लागली. जवाई माह्या बाजूच्या सोफ्यावर, डोळे अर्धे मिटून. मी एकेक फोल्डर उघडत गेली. एकाचं नाव होतं 'टेस्ट'. हे फोल्डर कोणी कधी उघडत नाही. ड्रोनवाला पोरगा बॅटरी बदलली की ड्रोन उडवून पाहते, त्याचा कचरा. मी उघडलं.

ड्रोन मांडवाच्या मागून वर गेला. मांडवाचं छत, पार्किंग, मागच्या बाजूले आचाऱ्याचा तंबू, चुली, धूर. आलूच्या पोत्यांच्या दोन थप्प्या, आणि त्या दोन थप्प्यांच्या मधात दुधाच्या उलट्या क्रेटवर एक माणूस बसलेला. पांढरे कपडे. मांडीवर पत्रावळ, पत्रावळीवर वांग्याची भाजी, पोळ्या, आणि आचारी स्वतः उभा राहून ग्लासात मठ्ठा ओतून राहिला. ड्रोनवाल्या पोराले काय वाटलं कोण जाणे, त्यानं ड्रोन खाली आणला. आवाज ऐकून त्या माणसानं वर पाहिलं. मिशीले मठ्ठा. आणि ड्रोन पाहून तो इतका छान हसला ना, लहान लेकरू विमान पाहून हसते तसा.

मी खरं सांगते, तो त्या लग्नातला सगळ्यात सुंदर चेहरा होता.

बाजूले पाहायची हिंमत होईना. मी हळूच मान वळवली. जवायांचे डोळे पूर्ण उघडे होते आणि पडद्यावरचे जवाई हसून राहिले होते.

आणि नेमकं तेव्हाच काकू आतून म्हणाल्या, "सापडला का वो पोरी एखादा?"

आता पाहा. मी 'हो' म्हटलं असतं तं अल्बम झाला असता. समोरून फोटो, हसरा फोटो, काकूंले पाहिजे तसा. डिस्क रिकामी, भाऊचं लग्न वाचलं, माझी नोकरी वाचली. आणि या माणसाची चार वर्षांची इज्जत एका मठ्ठ्याच्या ग्लासात गेली असती. मी जवायांकडं पाहिलं. त्यांनी मले काही खूण केली नाही, विनंती नाही, काही नाही. फक्त त्यांचा हात कुर्त्याच्या बटणाशी गेला आणि तिथंच थांबला.

"नाही काकू," मी म्हटलं. "पाहून राहिली."

आणि क्लिप बंद केली.

जवाई एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "हे कोणाकोणानं पाह्यलं?"

"कोणीच नाही. आत्ता आपण दोघांनी."

"अन् हा फोटोवाला?"

"नाही. टेस्टची फाईल कोणी उघडत नसते."

"मंग ठेवता कायले?"

याचं उत्तर पुण्याच्या सरांकडं, त्या निळ्या गोलाकडं तरी असेल की नाही माहीत नाही. आख्खा धंदा याच्यावर उभा आहे की कोणी उघडत नसते ते ठेवायचं.

"हे मिटते कवा?" जवाई म्हणाले.

"अल्बम ठरला की. त्याच्या आधी भाऊ मिटवत नाही."

जवाई सोफ्यावरून उठून माह्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसले. बाह्या सरसावल्या. "दाखव. पयल्यापासून दाखव."

आणि मग जे झालं ते मी माह्या नोकरीत पुन्हा पाहिलेलं नाही. हा घ्या. हा नको. हा घ्या. मामींचे डोळे मिटले आहेत तं मिटू द्या, झोप लागली असंल. नवरदेवाच्या मामाचा सोफ्यावरचा फोटो आला, तं म्हणाले मोठा घ्या, पानभर. काकू चहा घेऊन आल्या आणि ट्रे हातातच राहिला. भाऊ फोन संपवून आत आले, त्यांले वाटलं ते चुकीच्या घरात आले. काकूंनी घाबरत घाबरत विचारलं, "पण जवाईबापू, तुमचा समोरचा फोटो?"

"माह्या पाठीचाच घ्या," जवाई म्हणाले. "पाठ बी माहीच हाय."

काकूंच्या डोळ्याले पाणी आलं. मले म्हणाल्या, पाह्यलं का, एवढ्या मोठ्या मनाचा माणूस. मी म्हटलं हो काकू. जीपमधल्या पाठीले दोन पानं दिली.

निवडलेले फोटो भाऊनं लॅपटॉपवर घेतले, आणि काकूंसमोर, जवायांसमोर डिस्क साफ करायचं बटण दाबलं. एका मिनिटात चार टीबी मोकळी. मले इतका आनंद झाला, शुक्रवार होता आणि डिस्क भाऊच्या हातात होती. जवाई म्हणाले, "गेलं? समदं?"

इथं मी चूप बसायले पाहिजे होतं. पण मले माहीत असलेली गोष्ट मले सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि हे तं ट्रेनिंगमधे शिकवलेलं. मी म्हटलं, तसं अजून पूर्ण नाही गेलं जवाईबापू. आत्ता फक्त दारावरची पाटी काढली. माणूस आतच आहे. वरून दुसरं काही लिहिलं जाईल तेव्हाच तो जाईल. तोपर्यंत एखाद्या जाणकारानं मनात आणलं तं काढू शकते बाहेर.

जवायांचा चेहरा उतरला. "म्हणजे आतच बसला हाय तो?"

"आतच."

पूर्ण घासून पुसायचाही एक रस्ता असते, पण त्याले डिस्क दिवसभर फिरवत ठेवावी लागते. भाऊ म्हणाले या उन्हात ते केलं तं रविवारच्या आधी डिस्कच जाईल. उद्या हळदीपासून वर लिहिणं सुरू होईल, ते पुरेसं आहे. जवायांनी विचारलं, लग्न कोणत्या मांडवात आहे? भाऊनं सांगितलं. भाऊले वाटलं सहज विचारून राहिले.

शनिवारी हळद नीट झाली. रविवारी मी लग्नाले गेली, मले कोणी बोलावलं नव्हतं, पण माझी डिस्क होती ना. स्टेजच्या मागं भाऊचं टेबल, टेबलावर लॅपटॉप, डिस्क, समोर कूलर. आणि टेबलाच्या बाजूले प्लास्टिकच्या खुर्चीवर, हात नसलेल्या, थोरले जवाई बसलेले. पातूरहून सकाळी सकाळी आलेले.

"आलं का माह्यावर काही?" मले पाहिल्याबरोबर विचारलं.

मी सांगितलं की ते असं कळत नाही. डिस्क कुठं लिहील ते तिचं तिलेच माहीत. हळद तुमच्यावर पडली असेल किंवा तुमच्या बाजूले पडली असेल. पूर्ण भरली तरच खात्री. मी पाहिलं, तं अजून अर्धीच भरली होती.

"अर्धीच," जवाई म्हणाले. ते उठले. कुर्ता झटकला.

त्याच्यानंतर त्या लग्नात एक पांढऱ्या कपड्यांतला माणूस फिरताना दिसला, आणि तो जिकडं जाई तिकडं कॅमेरा जाई. आजीबाई बसल्या आहेत, त्यांचे काढा. लेकरं पळून राहिली, काढा. वरमाला जवळून काढा, दुरून काढा, आता व्हिडिओ काढा. भांड्यांचे काढा, रुखवताचा प्रत्येक लाडू वेगळा काढा. कॅमेऱ्यावाल्या पोरांले वाटलं पार्टीकडचे कोणी मोठे आहेत. दोन नवऱ्यांच्या घरच्यांले वाटलं पोरीकडचे. दोन पोरींच्या घरच्यांले वाटलं पोराकडचे. कोणीच विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती, तशी मिशी.

जेवणं झाली, पंगती उठल्या, तरी लॅपटॉपवरची डिस्कची पट्टी भरेना. तेव्हा जवाई स्वतः फोटोत उभे राहायले लागले. एका नवरदेवाच्या बाजूले. मग दुसऱ्या. मग मोठ्या ग्रुपमधे, मधोमध, समोरून, पूर्ण चेहरा. आणि हसले ना. तोच चेहरा होता.

सूर्य खाली गेला आणि भाऊचा लॅपटॉप म्हणाला, जागा संपली. जवाई वाकून स्वतः पाहून गेले. मग माह्या डोक्यावर हात ठेवला, आणि जीप घेऊन पातूरले निघाले, यावेळी मांडवाकडं तोंड करून हात हलवत. मी काकूंले काही सांगितलं नाही, आणि इथंही कोणाचं नाव घेत नाही. वऱ्हाडात रुसलेले थोरले जवाई इतके आहेत की ओळखू येणार नाहीत.

परवा भाऊचा फोन आला. त्या रविवारच्या लग्नाची मंडळी फोटो पाहायले आली होती. पोराकडच्यांनी पोरीकडच्यांले विचारलं, हे तुमचे कोण? पोरीकडचे म्हणाले, आम्ही तं तुम्हालेच विचारणार होतो, आम्ही यांले दोनदा जिलेबी वाढली. सगळे मिळून भाऊकडं पाहायले लागले. भाऊनं सांगून टाकलं, हार्ड डिस्कच्या कंपनीचे मोठे साहेब होते, पाहणीले आले होते.

"कोणी विचारलं तं तुम्ही बी हेच सांगजा," भाऊ मले म्हणाले.

मी म्हटलं सांगते ना. आणि खोटंही वाटत नाही मले. भरलेली डिस्क इतका जीव लावून पाहणारा साहेब आमच्या कंपनीत मी तरी अजून पाहिलेला नाही.